कोडमधून व्हॉट्सॲप निरोप पाठवताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की इंदुरातल्या कुठल्या तरी मंडळात एखाद्या उत्साही पोराला आरतीचे निरोप आपोआप पाठवायची हुक्की येते. ट्विलिओचं (कोडमधून मेसेज पाठवून देणारी सेवा) खातं उघडायचं, पायथनच्या दहा ओळी कुठून तरी चिकटवायच्या, आणि रात्री अकराला मला फोन: "दादा, एरर नाही, पण मेसेजही नाही."

एरर नाही याचा अर्थ इतकाच की ट्विलिओने तुमची चिठ्ठी घेतली. उत्तरात 'क्यूड' येतं, म्हणजे निरोप रांगेत उभा आहे. पोचला असं कुणीही म्हटलेलं नाही.

हे मला कळलं ते रामबागेतल्या आमच्या मंडळात फजिती झाल्यावर. शुक्रवारी रात्री बैठकीत 41 जणांकडून सँडबॉक्सच्या, म्हणजे ट्विलिओच्या चाचणीसाठीच्या, नंबरावर 'जॉइन'चा मेसेज करवून घेतला. शनिवारी संध्याकाळी चाचणीचा निरोप सगळ्यांना मिळाला. माझी कॉलर ताठ. रविवारी दुपारी चारला कळवलं, आज आरती साडेसातऐवजी साडेसहाला. स्क्रीनवर 41 वेळा 'क्यूड'. साडेसहाला मंडपात गुरुजी, मी आणि दोन काकू.

याच दोघींना निरोप कसा मिळाला? शनिवारच्या निरोपाला 'धन्यवाद' फक्त त्यांनी लिहिलं होतं! समोरच्याच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच आपल्याला मनचा मजकूर पाठवता येतो. त्यानंतर टेम्प्लेटच लागतं, म्हणजे व्हॉट्सॲपने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूर. बाकीच्यांची मुदत शनिवारी रात्रीच संपली होती. लॉगमध्ये, म्हणजे ट्विलिओच्या नोंदींत, 63016 ची (मुदत संपल्याचा एरर कोड) माळ लागलेली, पण मी लॉग उघडलाच नव्हता. मंगळवारी तर सगळीकडे 63015, कारण सँडबॉक्समधली नोंदणी 3 दिवसांत संपते आणि प्रत्येकाला पुन्हा 'जॉइन' पाठवावं लागतं. सँडबॉक्स तालमीपुरता असतो, हे तिथे लिहिलेलं असतं. वाचतो कोण?

सचिवकाका एवढंच म्हणाले, "ते राहू दे रे, घंटा वाजव."

तेव्हापासून माझी सवय अशी: पाठवताना मिळालेला प्रत्येक निरोपाचा क्रमांक शीटमध्ये लिहायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच क्रमांकावरून स्टेटस आणि एरर कोड परत मागवून शेजारच्या रकान्यात टाकायचे. 'डिलिव्हर्ड' दिसेपर्यंत कुणाला "कळवलं" म्हणायचं नाही. स्टेटस कॉलबॅक (स्टेटस बदललं की ट्विलिओच आपल्याला कळवतं) लावणं जास्त नीटनेटकं, पण मंडळाच्या कामाला शीट पुरते.

टेम्प्लेट करताना भाषा मराठी निवडा, आणि वेळ-तारखेची रिकामी जागा मजकुराच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी ठेवू नका; मंजुरी मिळत नाही.

नंबर देशाच्या कोडसकट हवा, आपल्याकडचा असेल तर +91, आणि त्याच्या आधी इंग्रजीत 'whatsapp:', कोलनसकट. पाठवणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही. निम्मे फोन याचसाठी येतात.

एक्सेलमधला मोबाइलचा रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर एक्सेल नंबराला आकडा समजून बिघडवतं.

सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतं. सकाळी सहाचा निरोप साडेअकराला जातो, तोवर काकड आरतीचा प्रसादही संपलेला असतो.

सतराव्या नंबरावर स्क्रिप्ट अडकली की पहिल्यापासून पुन्हा चालवणारे तर मला डोळ्यांसमोर नकोत. आधीच्या सोळा जणांना तोच निरोप दोनदा, तीनदा. कुठवर गेलं ते शीटमध्ये बघा, तिथूनच पुढे चला.

आणि ऑथ टोकन (ट्विलिओ खात्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) चढवलं असेल, तर ती ओळ पुसत बसू नका, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जतन झालेल्या आवृत्तीत, ती तशीच राहते. आधी ट्विलिओच्या कन्सोलमध्ये जाऊन टोकन बदला, मग मला फोन करा.