व्हिनायल फ्लोअरिंग करायचंय? आधी खालची फरशी बघा

दुकानात गेलं की पहिल्यांदा कॅटलॉगच पुढं येतो, सागवानी, अक्रोडी, राखाडी, आणि आपण रंगातच अडकतो. तो जरा बाजूला ठेवा आणि आधी घरातली जमीन बघा, कारण व्हिनायल फ्लोअरिंग, म्हणजे फरशीवर बसवायच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बिघडतं ते बहुतेक वेळा खालूनच.

सांगलीत गावभाग, खणभागातल्या किंवा साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या घरात खाली शहाबादी असते, तीही बऱ्याचदा मुरुमाच्या भरावावर तशीच बसवलेली, आणि पावसाळ्यात सांध्यांतनं ओल वर येते. व्हिनायलमधनं ती ओल बाहेर पडत नाही, मग खाली कुबट वास, बुरशी, आणि चिकटवलेलं असेल तर गमच सुटतो. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणतो ते खरंय हो, पण ते त्या पट्टीबद्दल, तुमच्या जमिनीबद्दल नाही. ओल तपासायची सोपी पद्धत अशी, दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजू टेपनं पक्क्या बंद करायच्या आणि एक अख्खा दिवस-रात्र हात लावायचा नाही. आतनं थेंब धरले किंवा फरशी काळपट पडली तर ओल आहे. ही टेस्ट जुलै-ऑगस्टमध्येच करा, एप्रिलात सगळ्यांचीच जमीन कोरडी असते! आणि ओल निघालीच तर आधी वॉटरप्रूफिंग, ते जमणार नसेल तर माझ्या मते त्या घरात शहाबादीला पॉलिश मारून घेतलेलं बरं.

मग लेव्हल. गवंड्याकडची सहा फुटी सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून बघा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की तिथं सेल्फ लेव्हलिंग कंपाऊंड (ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) ओतून घ्या. नाहीतर चालताना व्हिनायलची पट्टी खाली-वर होते आणि हळूहळू लॉक, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचा, तुटतात. टाइल्सवरच टाकायचं असेल तर प्रत्येक टाइल ठोकून बघायची, पोकळ आवाज आला की ती आधी नीट बसवून घ्यायची.

आता कुठलं घ्यायचं. मेणकापडासारखा जो पातळ रोल मिळतो तो वेगळा, आपण पट्ट्यांबद्दल बोलतोय. यात एक गमवाली, साधारण २ ते ३ मिमी जाड, आणि दुसरी गमाशिवाय लॉकमध्ये अडकवायची क्लिकवाली एसपीसी, ४ ते ६ मिमी, जिच्या आत चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं. एसपीसी कडक असते, उन्हाळ्यात फार हलत नाही, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यासाठी मला तीच बरी वाटते. दुकानदार एकूण जाडी सांगतो, तुम्ही वेअर लेअर विचारा, म्हणजे वरचा झिजणारा पारदर्शक थर. बेडरूमला ०.३ मिमी चालतो, हॉल आणि किचनला ०.५ घ्या. ज्यांच्या घरात २००५, २०१९ किंवा २०२१ ला कृष्णेचं पाणी आलं होतं त्यांनी तळमजल्यावर गमवालीचा विचारच करू नये, क्लिकवाली निदान सोडवून, गाळ धुऊन, लॉक शाबूत असतील तर परत बसवता येते.

माप घेताना १० टक्के जास्त धरा, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला १२० नाही तर १३२ स्क्वेअर फूट, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे बघून घ्या.

बसवायच्या आधी बॉक्स त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवायचे. दरवाजा खाली घासणार का तेही आत्ताच बघा, नंतर सुताराला बोलवत बसावं लागतं. क्लिकवाली तळमजल्यावर टाकायची असेल तर आधी पॉलिथिनचा कागद अंथरा, पट्टीला मागं फोम असेल तर वेगळा फोम नको. भिंतीपासून चारी बाजूंनी ८-१० मिमी जागा सोडायची, मध्ये स्पेसर (फट राखणारे छोटे तुकडे) लावून, ही जागा नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. बरेच कारागीर पट्टी भिंतीला चिकटवून मोकळे होतात आणि उन्हाळ्यात ती प्रसरण पावून मधनंच उचलते, म्हणून पहिली ओळ बसताना तिथं उभं राहा. दुसरी ओळ तिरकी लॉकमध्ये घालून खाली दाबायची, पट्ट्यांचे शेवट एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, निदान फूटभर तरी मागं-पुढं पाहिजेत. शेवटची ओळ दोन बोटांची उरत असेल तर पहिलीच ओळ रुंदीत कापून घ्या. कापायला कटरनं खोल चीर मारायची आणि मोडायची. किचनच्या ट्रॉल्यांसारखं फिक्स सामान याच्यावर बसवू नका, फ्लोअरिंग ट्रॉलीपर्यंत आणून थांबवायचं.

नंतरची काळजी फार नाही. मऊ झाडू, घट्ट पिळलेलं ओलं फडकं, पाण्यात थोडं सौम्य लिक्विड. ॲसिड अजिबात नको, स्टीम मॉपही नको. हळद सांडली की लगेच पुसा, वाळू देऊ नका, सांगलीत हे वेगळं सांगायला नको. रबराच्या पायपुसणीचा पिवळा डाग पडतो तो निघतच नाही, म्हणून कापडी घ्या. देव्हाऱ्यापुढं समई-उदबत्तीखाली तांब्याचं ताट ठेवा, निखारा पडला की चटका कायमचा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे (जाड मऊ कापडाचे) तुकडे लावा आणि कपाट ओढू नका, उचला.

उरलेल्या पट्ट्या पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, उन्हानं वाकतात. पलंगाखाली सपाट ठेवा, एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर तेच डिझाईन दुकानात मिळेल याची खात्री नसते.