छोट्या गावातल्या टाकेरियात चांगला टाको कसा शोधायचा

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहते. ठिबक सिंचनाचं काम आहे, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस हायवे ९९ वर वरखाली फिरणं चालूच असतं, माडेरा, मर्सेड, सेल्मा, टुलेरी, डिलेनो, कधी पश्चिमेला मेंडोटा नाहीतर ह्युरॉन. दुपारचं जेवण बाहेरच, आणि या गावांत बाहेर म्हणजे टाकेरिया, टाको विकणारं छोटं मेक्सिकन हॉटेल (टाको म्हणजे टॉर्टिया नावाच्या छोट्या पातळ पोळीत दुमडलेलं मांस किंवा भाजी). भारतातून नवीन आलेले मित्र-मैत्रिणी, किंवा बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून) योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानाला जाताना मधे थांबणारे आपले लोक मला नेहमी विचारतात की चांगला टाको कुठे मिळेल. नुसतं नाव सांगून उपयोग नसतो, कारण तुम्ही त्या गावात असालच असं नाही आणि गेलात तरी त्या दिवशी, त्या वेळी ते चांगलं असेलच असं नाही. म्हणून कसं शोधायचं तेच सगळं लिहून टाकते.

आधी हे समजून घ्या की छोट्या गावातच का शोधायचं. हा सगळा पट्टा शेतीचा आहे, बदाम, पिस्ता, टोमॅटो, द्राक्षं (आपल्या तासगाव-नाशिकच्या थॉम्पसन द्राक्षांचं थॉम्पसन हे नाव याच राज्यातलं बरं का), आणि शेतात राबणारी माणसं पिढ्यान्पिढ्या मेक्सिकोतून आलेली. १९४२ ते १९६४ ब्रासेरो नावाचा सरकारी कार्यक्रमच होता, करारावर मजूर आणायचा, आणि त्याच्या आधीही नंतरही लोक येतच राहिले. तर ज्या गावात पॅकिंग शेड आहेत, पहाटे पाचला पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात, तिथे टाको हा पर्यटकासाठी नसतो, रोज खाणाऱ्या माणसासाठी असतो. रोजच्या गिऱ्हाइकाला फसवता येत नाही. हायवेच्या एक्झिटला लागून मोठी रंगीत टोपी टांगलेलं रेस्टॉरंट दिसलं की मी गाडी पुढेच काढते. सुरुवातीला एकदा अशाच ठिकाणी दमून थांबले होते, कडक तळलेल्या शेलमधे थंडगार खिमा आणि वरून पिवळं चीज आलं, आणि वर्षभर मला वाटत होतं की टाको म्हणजे हेच, वर्ष वाया गेलं अक्षरशः.

आता मुख्य गोष्ट. मांसाकडे नंतर बघा, आधी टॉर्टिया बघा. आपण खानावळीत भाजीआधी भाकरी बघतो ना, तव्यावरची गरम वाढतायत की सकाळी करून ठेवलेली, तसंच. मी सोलापूरची, आमच्याकडे भाकरी वाईट असली तर पुढचं कोणी बोलतच नाही. टाकोचं अगदी तसंच आहे.

टॉर्टिया मक्याची असते, पण आपण मक्याचं पीठ मळून भाकरी थापायला गेलो की ती फाटते, चिरा पडतात, माहितीये ना. त्यांची फाटत नाही कारण ते मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, हो, पानाला लावतो त्याच जातीचा चुना, आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी साल सुटून येतं, मका धुऊन घेतात आणि ओलाच वाटतात. या पिठाला मासा म्हणतात (आपला मासा नव्हे). चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, वास बदलतो, आणि मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं, जे नुसत्या मक्यातून नीट मिळत नाही. ही रीत हजारो वर्षांची आहे. बरीच ठिकाणं आता मासेका वगैरेचं तयार कोरडं पीठ वापरतात, त्यातही हाताने दाबून लगेच भाजली तर छान लागते, पण ओल्या वाटलेल्या मक्याची एकदा खाल्ली की फरक जिभेला कळतो.

हे ओळखायचं कसं, तर दारातून आत गेलं की कान द्या. लाकडी किंवा लोखंडी प्रेसचा धप-धप आवाज येतोय का, तवा (ते कोमाल म्हणतात) काउंटरवरून दिसतोय का. वास भाजलेल्या कणसासारखा आला पाहिजे, थोडा ओल्या मातीसारखाही. टॉर्टिया तव्यावर फुगते, अगदी फुलका फुगतो तशी पूर्ण नाही पण मधे टम्म होते, आणि त्यावर करपट ठिपके असतात. हातात घेऊन दुमडली तर वळते, तुटत नाही. माडेरात एका लोंचेरापाशी (लोंचेरा म्हणजे टाको ट्रक) मी एका काकूंना बघत उभी होते, त्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घ्यायच्या, प्रेसमधे प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवून दाबायच्या, मग प्रेस अर्धी फिरवून परत एक हलका दाब, म्हणजे एका बाजूला जाड राहत नाही. मग प्लास्टिक सोलून हातावर आणि हातावरून तव्यावर, घडी न पडू देता, सरकवत. कडा सुटली की बोटाने उलटायच्या, चिमटा नाही. मला आईच आठवली. त्यांनी मीठ लावून नुसती एक टॉर्टिया गुंडाळून दिली, आणि तेव्हापासून मी कुठेही गेले की जमलं तर आधी एक नुसती मागते. ती चांगली लागली तर पुढचं निर्धास्त ऑर्डर करा.

पाटीवर हे शब्द शोधा: एचास आ मानो, म्हणजे हाताने केलेल्या. नसेल लिहिलं तर विचारा, तोर्तियास एचास आ मानो? लोक खूश होतात विचारल्यावर. विकतच्या छोट्या टॉर्टिया असल्या तर एका टाकोला दोन देतात, एक फाटली तरी दुसरी धरून ठेवते, त्यात वाईट काही नाही, फक्त त्या तव्यावर तेला-चरबीत नीट गरम केलेल्या हव्यात, मायक्रोवेव्हमधून आलेल्या ओलसर नकोत.

दुसरी गोष्ट म्हणजे मालक मेक्सिकोच्या कुठल्या भागातला आहे ते बघणं. आपल्याकडे मालवणी पाटी असली की मासे आणि खानदेशी असली की शेवभाजी मागतो, कोल्हापुरी खानावळीत जाऊन कोणी सोलकढी कशी आहे असं विचारत नाही, तसंच इथे. पाटीवर मिचोआकान किंवा तिथल्या एखाद्या गावाचं नाव असेल तर कार्नितास घ्या, डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मोठ्या तांब्याच्या कढईत तासन्‌तास शिजवतात. हालिस्को असेल तर बिर्रिया, मूळची बोकडाची, सुक्या मिरच्यांच्या मसाल्यात, सोबत रस्सा कपात देतात त्याला कोन्सोमे म्हणतात, आणि मटणाचा रस्सा ओरपत वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घोटात घरचा वाटेल. हल्ली बिर्रिया बऱ्याच ठिकाणी बीफची असते तेव्हा चीवो म्हणजे बोकड आहे का ते विचारा. सिनालोआ किंवा नायारीत लिहिलं असेल तर कोळंबी-मासे. सोनोरा असेल तर गव्हाच्या टॉर्टिया आणि भाजलेलं बीफ. माडेरात ओआहाकाचे लोक बरेच आहेत, तिथे टाकोच्या नादात त्लायुदा सोडू नका, मोठ्या थाळीएवढी कडक टॉर्टिया असते.

वार आणि वेळ, हे नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. कार्नितास सकाळी लवकर, दुपारी एकनंतर उरलेलं कोरडं पडतं. बिर्रिया, बार्बाकोआ (मंद आचेवर तासन्तास शिजवलेलं बीफ किंवा मेंढी), मेनुदो (गाईच्या पोटाच्या तुकड्यांचा रस्सा) हे शनिवार-रविवार सकाळचं, काचेवर साबादो इ दोमिंगो असं रंगाने लिहिलेलं असतं, आणि अकरापर्यंत संपलं तर ते चांगलंच लक्षण. आल पास्तोर संध्याकाळी. त्यासाठी उभा दांडा लागतो, त्याला त्रोम्पो म्हणतात, त्रोम्पो म्हणजे भोवरा, आणि लाल मसाला लावलेलं डुकराचं मांस थरावर थर लावून खरंच भोवऱ्यासारखं दिसतं, वर अननस. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांच्या शावर्मातून हे आलंय. मेनूवर आल पास्तोर असेल पण दांडा कुठे दिसत नसेल तर ते तव्यावर परतलेलं मसालेदार पोर्क असतं, चवीला बरं असतं, पण जे खायला आलात ते ते नाही. बऱ्याच गावांत त्रोम्पो फक्त शुक्रवार-शनिवार लागतो, फोन करून विचारलं तर सांगतात.

गाव अनोळखी असेल तर मी मॅपवर इंग्लिशमधे बेस्ट टाकोज टाकत नाही. कार्निसेरिया शोधा, म्हणजे खाटकाचं दुकान, बऱ्याचदा त्याच्याच मागच्या कोपऱ्यात काउंटर असतं आणि मांस तिथलंच ताजं. किंवा लोंचेरा शोधा, टायरच्या दुकानापाशी, लॉन्ड्रीच्या पार्किंगमधे, पेट्रोल पंपावर. स्पॅनिशमधले रिव्ह्यू भाषांतर करून वाचा आणि स्टारपेक्षा फोटो बघा, फोटोत टॉर्टियाच्या कडा एकसारख्या गोल आहेत की थोड्या वेड्यावाकड्या, वेड्यावाकड्या असतील तर हाताच्या. आणि साडेअकराला कामाचे बूट घातलेली माणसं रांगेत उभी असतील तर मेनू न वाचता रांगेत लागा.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. बीफ चालत नसेल तर हे पाठ करा: रेस म्हणजे बीफ. आसादा, लेंगुआ (जीभ), काबेसा (डोकं), त्रिपा, सुआदेरो, हे सगळं साधारणपणे बीफच. पोयो चिकन, पुएर्को किंवा सेर्दो डुक्कर, कामारोन कोळंबी, पेस्कादो मासा. मी स्वतः बीफ खात नाही आणि मला कुठेही अडलं नाही.

शाकाहाऱ्यांना जरा जास्त विचारावं लागतं. राजमा-घेवड्यासारखे फ्रिहोलेस दिसायला शाकाहारी पण त्यात बऱ्याचदा चरबी घालतात, तिएनेन मांतेका? असं विचारायचं. भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. नुसतं सिन कार्ने (मांसाशिवाय) म्हटलं तर कधीकधी चिकन चालेल असं समजतात, म्हणून नि पोयो (चिकनही नको) हेही जोडा. पण मग जे मिळतं ते फार सुंदर असतं: नोपालेस म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून भाजलेली, थोडी भेंडीसारखी चिकट आणि आंबट. भोपळ्याची फुलं चीजसोबत, आपण भजी करतो तीच. राहास म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या क्रीममधे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, तेव्हा छोट्या गावांत बिनमांसाचे पदार्थ खास करतात, फळ्यावर कुआरेस्मा लिहिलेलं दिसेल, त्या शुक्रवारी नक्की जा. मासे-कोळंबी असतं त्यात, तेवढं मात्र बघून घ्या.

साल्सा म्हणजे त्या घराची चटणी, तिच्यावरूनही बरंच कळतं. बाटलीतली विकतची असेल तर मी फार अपेक्षा ठेवत नाही. हिरवी तोमातियोची असते, ते आपल्या रसभरीचं चुलत भावंड, तसंच कागदी आवरण असतं, आणि आंबट. लाल सुक्या मिरचीची, भाजल्याचे काळे कण दिसले पाहिजेत. आणि कुठे साल्सा माचा दिसली तर सोडू नका, सुक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात, मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा हातातला टाको खाली ठेवून परत नुसती चाटली, ही तर आमच्या सोलापूरच्या शेंगा चटणीची बहीण. आधी टॉर्टियाच्या तुकड्यावर थेंबभर घेऊन बघा, नारिंगी दिसणारी सगळ्यात तिखट निघू शकते.

ऑर्डर करताना दोनच मागा, एकदम सहा नको. टाको ताटात पाच मिनिटं पडला की टॉर्टिया भिजते. कोन तोदो म्हटलं की कांदा-कोथिंबीर घालून देतात, लिंबू, मुळ्याच्या चकत्या, लोणच्यातली गाजरं बाजूला असतात, फुकट असतात, पण लागेल तेवढंच घ्या. सोबत हामाइका प्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे, किंवा तामारिंदो म्हणजे चिंचेचं. रोख पैसे जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालत नाही, आणि बरणीत टिप टाका. निघताना बसलेल्यांना प्रोवेचो म्हणा, सावकाश होऊ द्या म्हणतो ना आपण, तेच. दुसऱ्या वेळी गेलात की ओळख दाखवतात, आणि तेव्हा के एस्ता बुएनो ओय, आज काय चांगलंय, असं विचारलंत तर कढईकडे एकदा बघून खरं ते सांगतात.