ठाण्यात पी-१, पी-२ बघून गाडी कशी लावावी

नौपाड्यासारख्या भागातल्या अरुंद रस्त्यांवर पार्किंग तारखेवर चालतं. पी-१ पाटीच्या बाजूला विषम तारखेला, पी-२ च्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची. पाटीवरचा बाण, वेळ आणि दुचाकी-चारचाकीचा उल्लेखही वाचा. बाण ज्या दिशेला दाखवतो, परवानगी त्याच बाजूला असते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते रात्री. १४ तारखेला रात्री ११ वाजता पी-२ कडे लावलेली गाडी बरोबर असते, पण पाटीवर वेळेची मर्यादा नसेल तर बारा वाजता तारीख बदलते आणि तीच गाडी चुकीच्या बाजूला ठरते. म्हणून रात्रभर ठेवायची असेल तर उद्याची तारीख बघा. महिना ३१ चा असला की ३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणजे बाजू बदलत नाही.

फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, दुसऱ्याचं गेट इथे पाटी नसली तरी पार्किंग मना आहे. दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १५००. स्टेशनजवळ काम असेल तर गावदेवी मैदानाखालचं पार्किंग बरं.

गाडी लावल्यावर पाटी आणि नंबरप्लेट एकाच फोटोत घ्या, चुकीचं चलन आलं तर महाट्रॅफिक अ‍ॅपवरच्या तक्रारीला हाच पुरावा जोडता येतो. चलन तपासायला गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावाने आलेली फाइल मात्र कधीच उघडू नका.