स्पोर्ट्‌स कारला हेडलाइट वॉशर हवा का? ठरवायचं कसं, तपासायचं कसं

जानेवारीतली संध्याकाळ होती. जर्मनीत श्टुटगार्टहून म्युनिकला जाणाऱ्या ए-८ महामार्गावर श्वाबियन आल्ब या डोंगररांगेचा चढ चढत होतो. रस्त्यावर मीठ टाकलेलं, बर्फ वितळून त्याचा राखाडी रेंदा झालेला, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून तो सगळा माझ्या बुटक्या दोन सीटच्या गाडीवर उडत होता. अर्ध्या तासात उजेड इतका मंदावला की बॅटरी गेली असं वाटलं. पार्किंगला थांबून दिव्यावर अंगठा फिरवला, तर बोटाला जाडसर थर लागला. ओल्या फडक्याने पुसल्यावर रस्ता परत दिसायला लागला. गाडीला हेडलाइट वॉशर, म्हणजे दिव्यांवर पाण्याचा फवारा मारून ते धुणारी सोय होती, पण मी त्याची टाकी भरलेली नव्हती.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. समोरची काच वायपर सतत पुसत असतो, म्हणून आपल्याला सगळं स्वच्छच वाटतं. दिवे मात्र ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतच नाहीत, आणि उजेड हळूहळू कमी होतो म्हणून जाणवतही नाही. म्हणून हा वॉशर कामाचा की नुसती सजावट, हे प्रत्येकाने आपल्या गाडीपुरतं नीट तपासून घ्यावं. क्रम असा ठेवा.

१. आधी दिवा कोणता आहे ते बघा

अर्धं उत्तर इथेच मिळतं. युरोपीय मान्यतेच्या दिव्याच्या काचेवर, बहुतेक वेळा खालच्या कडेला, बारीक अक्षरं कोरलेली असतात. वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो (१ म्हणजे जर्मनीत मिळालेली मान्यता). शेजारच्या अक्षरांत ‘डीसी’ किंवा ‘डीसीआर’ असेल तर दिवा झेनॉनचा, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारा. ‘पीएल’ असेल तर काच खरी काच नाही, प्लास्टिक आहे. ही दोन अक्षरं पुढे उपयोगी पडतील. एलईडीच्या बाबतीत अक्षरांवर विसंबू नका, गाडीचं माहितीपुस्तक बघा.

एच-७ हॅलोजन बल्ब (नेहमीचा तारेचा) साधारण १,५०० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) उजेड देतो, ३५ वॅटचा झेनॉन जवळपास ३,२००. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या ४८ क्रमांकाच्या नियमाने २,००० ल्युमेनची रेघ आखली आहे. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या नेहमीच्या झोताचा प्रकाशस्रोत त्याहून प्रखर असेल तर दिवा धुण्याची सोय हवीच. नंतर २५ वॅटचे झेनॉन आले, ते बरोबर या रेघेवर बसवलेले, म्हणून त्यांना वॉशर सक्तीचा नाही. बऱ्याच एलईडी दिव्यांचंही तसंच.

ही सक्ती समोरून येणाऱ्यासाठी आहे. डिपरच्या उजेडाला वरून धारदार कड असते. तिच्या खाली रस्ता उजळतो आणि वर समोरच्याचे डोळे सुरक्षित राहतात. काचेवर चिखलाचे कण किंवा थेंब आले की प्रत्येक कण उजेड भलत्याच दिशेला फेकतो आणि ती कड विस्कटते. म्हणजे तुम्हाला दिसणं कमी होतं आणि त्याच वेळी समोरच्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या उजेडात हे कमी खटकतं, झेनॉनच्या उजेडात ते धोक्याचं ठरतं.

जर्मनीत १ एप्रिल २००० पासून झेनॉन दिव्यांच्या गाड्यांना वॉशर आणि दिव्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा, दोन्ही बंधनकारक आहेत. दर दोन वर्षांच्या तपासणीत वॉशर चालला नाही, तर दुरुस्ती केल्याशिवाय सुटका नाही. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून, १ सप्टेंबर २००९ नंतर पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाड्यांना वॉशर बसवलेला असेल, तर वार्षिक तपासणीत तोही पाहतात.

२. मग आपला रस्ता आणि गाडीचं नाक बघा

३५ वॅटचा झेनॉन असेल तर वॉशर ठेवायचाच, तो प्रश्न मिटला. हॅलोजन, २५ वॅटचा झेनॉन किंवा कमी ल्युमेनचा एलईडी असेल तर निवड तुमची.

त्याच ४८ क्रमांकाच्या नियमानुसार डिपरच्या दिव्याची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर हवी. स्पोर्ट्‌स कारचे दिवे या मर्यादेच्या जवळच असतात, आणि ट्रकच्या चाकांतून उडणारा फवारा जमिनीलगतच सर्वांत दाट असतो. त्यामुळे उंच एसयूव्हीपेक्षा या गाडीचे दिवे लवकर माखतात. फक्त उन्हाळ्यात, दिवसा, कोरड्या रस्त्यावर गाडी काढत असाल, तर हॅलोजन किंवा एलईडीच्या गाडीत वॉशरसाठी वेगळे पैसे मोजू नका. हिवाळ्यातही चालवत असाल, तर मी तो घ्याच म्हणेन.

एलईडीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघते, काच थंड राहते आणि बर्फ चिकटून बसतो. नियमाने सूट असली तरी बर्फाळ प्रदेशात एलईडीवाल्याने दिवे वारंवार बघावेत.

मात्र वॉशर ओली, ताजी घाणच धुतो. वाळलेले किडे आणि सुकलेला चिखल त्याच्याने निघत नाही. पूर्वी स्वीडनच्या साब या गाड्यांच्या कंपनीने १९७० च्या सुमारास दिव्यांना छोटे वायपर दिले होते, ते घासून काम करत. पुढे काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली. त्यावर वायपर फिरवला तर ओरखडे पडतात, म्हणून नुसत्या पाण्याच्या जोरावर भागवावं लागतं. त्यामुळे घाण सुकायच्या आत वॉशर वापरा.

३. चालतो का ते तपासा

इंजिन चालू करा, डिपर लावा आणि स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी स्वतःकडे ओढून धरा. कुणाला तरी गाडीपुढे, फवाऱ्याच्या बाजूला उभं करा. बंपरमधून दोन्ही नोझल (फवारा मारणाऱ्या तोट्या) बाहेर यायला हवेत, फवारा दिव्याच्या मध्यावर बसायला हवा आणि नोझल परत आत जायला हवेत. बऱ्याच गाड्यांत पहिल्या ओढीला फवारा येतो आणि नंतर काही ओढींनंतरच, म्हणून दुसऱ्या वेळी आला नाही तर घाबरू नका.

नोझलला मोटर नसते. पंपाच्या दाबाने तो बाहेर येतो आणि स्प्रिंगने आत जातो. हे समजलं की दोष शोधणं सोपं:

- दोन्ही येत नसतील तर आधी टाकी, मग फ्यूज, मग पंप बघा. काही गाड्या पाणी कमी असलं की दिवे धुणं आपोआप थांबवतात.
- एकच येत असेल किंवा नुसता ओघळत असेल, तर त्या बाजूची नळी सांध्यातून निसटलेली असते किंवा नोझल तुंबलेला असतो.
- बाहेर येऊन अडकत असेल तर नोझलच्या दांड्यावर वाळू किंवा मीठ साचलं आहे. कोमट पाण्याने धुवा. पक्कड लावून ओढू नका, झाकण तुटतं आणि ते बंपरच्या रंगात रंगवून घ्यावं लागतं.

४. टाकीत काय घालायचं

काचेवर ‘पीएल’ असेल तर बाटलीवर पॉलिकार्बोनेटला चालेल असं लिहिलेलंच द्रावण घ्या. चुकीच्या सॉल्व्हंटने प्लास्टिकला बारीक चिरा जातात आणि त्या भरून येत नाहीत. थंडीत गोठणार नाही असंच मिश्रण हवं, कारण आत बर्फ झाला तर पंप फुटतो. पाणी जड असेल तर क्षार नोझलमध्ये साचतात, तेव्हा क्षाररहित पाणी घाला.

हाताने पुसायचं असेल तर ओलं फडकं पाचेक मिनिटं दिव्यावर ठेवा, किडे मऊ होऊ द्या, मग मायक्रोफायबरने पुसा. पेट्रोल पंपावर काचेसाठी ठेवलेला स्पंज मी दिव्याला लावत नाही. त्यात आधीच्या गाड्यांची वाळू असते.

५. काढून टाकावा का?

पुष्कळ हौशी लोक नाक गुळगुळीत दिसावं म्हणून नोझल काढून भोकं बुजवतात. वजनाचं कारणही देतात, आणि त्यात तथ्य आहे: पाच-सहा लिटरची भरलेली टाकी म्हणजे तेवढेच किलो. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवशी टाकी रिकामी करा, घरी आल्यावर भरा. नुकत्याच धुतलेल्या बॉनेटवर फवारा उडतो ही तक्रार असेल, तर दिवसा काच धुण्याआधी दिवे बंद करा. बहुतेक गाड्यांत डिपर बंद असताना हेडलाइट वॉशर चालतच नाही. झेनॉनच्या गाडीतून मात्र तो काढू नये, आणि हॅलोजनच्या दिव्यात झेनॉनचा बल्ब तर कधीच घालू नये.

गेल्या वर्षी पुण्याहून भाच्याचा फोन आला, “मामा, जुनी इम्पोर्टेड दोन सीटची बघतोय, झेनॉन आहे, वॉशर लागेल का आपल्याकडे?” पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर ट्रकमागे किंवा कोकणातल्या लाल चिखलात तो लागणारच. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण उबेत टाकीत शेवाळ धरतं आणि जाळी तुंबते, म्हणून पाणी महिनोन्‌महिने तसंच ठेवू नये. त्याला म्हटलं, गाडी बघायला संध्याकाळी जा, डिपर लाव आणि दांडी ओढ. त्याने व्हिडिओ पाठवला. डावा नोझल ताठ उभा, उजवा जागेवरच ओघळतोय. खालचं कव्हर काढून पाहिलं तर नळी सांध्यातून निसटलेली होती. क्लिप बसवून घेतली आणि मगच त्याने बयाणा दिला.