अपघाताचा व्हिडिओ गावात दाखवायचा असेल तर असा दाखवा

जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना सुरू झाला की शाळा, कॉलेज, साखर कारखान्याचं आवार अशा ठिकाणी कार्यक्रम होतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारा रक्ताचा एखादा व्हिडिओ पडद्यावर लागतो. बाया पदर तोंडाला लावतात, पोरं क्षणभर गप्प होतात आणि बाहेर पडताच त्यातलीच तिघं एका गाडीवर बसून निघून जातात.

भीती घालून माणूस जपून गाडी चालवतो का, यावर जगभर बराच अभ्यास झालाय. ढोबळ निष्कर्ष असा, की ‘मग मी नेमकं काय करू?’ याचं सोपं, हाताशी असलेलं उत्तर सोबत मिळालं तरच भीती कामी येते. नाहीतर मन पळवाट काढतं: तो प्यायलेला असेल, आपला हात पक्का आहे. तरुण पोरांत हे फार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८९ मध्ये अंगावर येणाऱ्या जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. त्या वर्षी तिथं पावणेआठशेच्या आसपास माणसं रस्ते अपघातांत गेली होती, १९९२ मध्ये आकडा चारशेच्या आत आला. पण त्याच काळात पोलिसांनी रस्त्यात अडवून दारूची तपासणी आणि वेग पकडणारे कॅमेरेही वाढवले होते. नुसत्या जाहिरातींना श्रेय देता येत नाही. म्हणून व्हिडिओ दाखवा, पण पुढची तयारी असेल तरच.

आधी क्लिप निवडा. मृतदेहाची नको, सीसीटीव्हीची घ्या, ज्यात धडकेच्या आधीचे पाच-सात सेकंद दिसतात. खरं शिक्षण त्या सेकंदांत आहे. धडकेच्या क्षणाआधी चित्र थांबवा आणि विचारा, ‘इथं कोण काय करू शकला असता?’ आवाज बंद ठेवा. चेहरा किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर ती क्लिप बाद. लहान लेकरांसमोर लावू नका, आणि मोठ्यांनाही आधी सांगा, ज्याला बघवणार नाही त्याला उठून जाता यावं.

आपल्याच तालुक्यातला अपघात शक्यतो टाळाच. गेलेल्याची आई किंवा बायको त्याच सभेत मागच्या रांगेत बसलेली असू शकते. तोच दाखवायचा असेल, तर आधी त्यांच्या घरी जाऊन विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथंच सोडा.

विषय आपल्या रस्त्याचा हवा. समृद्धीलगतच्या गावांत झोप, टायर आणि कडेला थांबलेले ट्रक यांवर बोला. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून १२ जण गेले. बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जालना या पट्ट्यात हंगामात रात्रीची उसाची ट्रॉली हाच विषय. मागच्या सीटवरच्या बेल्टसाठी तर व्हिडिओ लागतच नाही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर बसलेले असताना कारच्या अपघातात गेले. बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले होते. परळीकडच्या सभेत एवढं सांगा, लोक ऐकतात.

मग सगळ्यांना मैदानात न्या. या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या. मोजायची टेप आणि फक्की घ्या. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, आणि समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण सेकंद जातोच. पहिली रेघ तिथं मारा. कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी २० मीटर लागतात, म्हणजे दुसरी रेघ ३७ वर. आता ताशी ८० चं मोजा: २२ अधिक ३६, एकूण ५८ मीटर. एका पोराला ४० मीटरवर उभं करा. साठची गाडी त्याच्याआधी थांबली. ऐंशीची गाडी त्याच्यापाशी पोचते तेव्हाही तिचा वेग पन्नासच्या वर असतो. हे सांगितलं की पोरं स्वतःच रेघा पुन्हा मोजायला लागतात. त्यांना मोजू द्या. त्या पोराच्या जागी विनादिव्याची ट्रॉली आहे असं समजा म्हणावं, आणि मोटारसायकलच्या डिपरवर ती कितीवरून दिसेल ते त्यांनाच सांगू द्या.

त्याच जागी काम करून घ्या. रिफ्लेक्टर टेपचे गुंडाळे आधीच आणून ठेवा. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. आधी फडक्यानं माती आणि मळी पुसा, नाहीतर टेप दोन दिवसांत सुटते. उसाची मोळी लोंबून झाकणार नाही एवढ्या खाली लावा, आणि ट्रॉली दोन असतील तर दोन्हींना. मुकादमाला आणि ट्रॅक्टरमालकाला समोर उभं करूनच लावा. गाडी बंद पडली की भोवती दगड मांडतात आणि निघताना ते तसेच रस्त्यावर सोडतात. त्या दगडांवर रात्री दुचाकीवाला पडतो. दगड उचलल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं ड्रायव्हरकडून सर्वांदेखत कबूल करून घ्या.

हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीमालकाला होऊ शकते, हे आईबापांना स्पष्ट सांगा.

शेवटी मोबाइलचं बोला, कारण हे व्हिडिओ काढतो कोण, तर बघे. शूटिंगआधी १०८ लावायचा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मदत करणाऱ्यावर पोलिसांचं लचांड लागतं ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं त्याला संरक्षण दिलंय, नाव सांगण्याची सक्तीही नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा कॅशलेस उपचारही आहे.

सभेच्या आदल्या दिवशी फाट्यावर तासभर उभं राहून हेल्मेटवाले आणि टेप लावलेल्या ट्रॉल्या मोजून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आकडा हलला नसेल तर पुढच्या वेळी पडदा गुंडाळून ठेवा आणि टेपचे गुंडाळे जास्त आणा.