म्हैस आणि बगळ्याची गोष्ट शेवटी कशी जमली

भाचीसाठी म्हैस आणि गायबगळ्याच्या दोस्तीचं चित्रांचं पुस्तक करत होते, ३२ पानांचं, आणि दोन महिने ते काही केल्या जमेना. दोघं नुसते बोलतच सुटायचे, "तू माझी मैत्रीण ना?" वगैरे. भाचीनं सहाव्या पानावर जांभई दिली, संपला विषय.

मग गावी गेले तेव्हा तळ्याकाठी बसून नुसतं बघितलं. म्हैस चरत पुढे सरकते, गवतातले नाकतोडे उडतात, बगळा ते टिपतो, बस्स, एकमेकांकडे बघत पण नाहीत, पण ती थांबली की तोही थांबतो. हेच तर हवं होतं! घरी येऊन सगळे संवाद उडवले, पानाला एखादी ओळ ठेवली, हसरे चेहरे पण काढून टाकले (म्हशीला भुवया काढल्या होत्या मी, काय सांगू). दोघांमधलं अंतर मात्र पानागणिक कमी करत नेलं, शेवटी तो तिच्या पाठीवर.

दुसरा घोळ म्हणजे पांढऱ्या कागदावर पांढरा बगळा दिसेचना. काळी आउटलाइन मारली तर स्टिकर चिकटवल्यासारखा वाटला. मग ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड कागदावर मागचं गवत फिक्या हिरव्या वॉशने (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाने) रंगवलं आणि बगळ्याची जागा कोरी सोडली. गोष्ट पावसाळ्यातली, म्हणून डोक्या-मानेवर केशरट छटा दिली, विणीच्या हंगामात त्यांना ती येतेच. चोच पिवळी ठेवा, काळी केलीत तर तो वेगळाच बगळा होतो.

आणि जोडपानाच्या (समोरासमोरच्या दोन पानांच्या) मधोमध काही काढू नका, पहिल्या डमीत, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत, माझा बगळा शिवणीतच गेला होता.