मध्ययुगीन मेजवानीत मुलांची पंगत

मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवर मांडलेली तीन फेऱ्यांची मेजवानी मोठ्यांना अडीच-तीन तास सहज रंगते. पाच वर्षांच्या मुलाचा धीर मात्र पहिल्या अर्ध्या तासातच संपतो. मुलं जेवली नाहीत तर दोष बहुतेक वेळा पदार्थांचा नसतो, उशिराचा असतो. भूक मेली की समोर काहीही वाढा, उपयोग नाही. म्हणून मुलांची पानं मोठ्यांच्या पहिल्या फेरीच्या वीस मिनिटं आधी वाढायची. बसल्या बसल्या ब्रेड, चीज आणि सफरचंदाच्या फोडी हाताशी हव्यात. मानाच्या टेबलावरच्या घोषणा त्यानंतर होऊ देत.

नावं नोंदवताना मुलं किती एवढंच विचारून भागत नाही, वयं विचारा. तीन वर्षांखालचं मूल आईवडिलांच्या पानातच जेवतं. त्याचं वेगळं पान धरू नका, जागा मात्र धरा. तीन ते सात वर्षांना मोठ्यांच्या निम्मं, आठ ते बाराला पाऊण. तेराच्या पुढे पूर्ण पान, आणि ब्रेड थोडा जास्तच.

बैठकीत खरी डोकेदुखी बाकांची. लाकडी घोड्यांवर, म्हणजे फळ्यांखालच्या सुट्या पायांवर, फळ्या टाकून केलेलं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि बाक ४५. त्यावर लहान मुलाची हनुवटी टेबलाला टेकते, पाय लोंबकळतात आणि मग ते घोड्याला लाथा मारत बसतं. चार ते सात वर्षांसाठी ५५ सेंटिमीटरचं टेबल आणि ३० चा बाक वेगळा करून घ्या. बाकाला पाठ नसते, मूल मागे कलंडतं; म्हणून बाक भिंतीला लावा. घोड्याच्या बाहेर आलेल्या फळीच्या टोकाशी कुणालाच बसवू नका, तिथे भार पडला की दुसरं टोक उचललं जातं. टेबलक्लॉथ मुलांच्या बाजूने १५ सेंटिमीटरपेक्षा खाली सोडू नका. दोन वर्षांच्या मुलाला ती दोरीच वाटते. उघडी मेणबत्ती तर या टेबलावर नकोच. त्या काळच्या झग्याची लोंबती बाही ज्योतीपर्यंत कधी पोचते, ते कळतही नाही. कंदील वर टांगा.

पाच वर्षांखालच्यांना पालकांजवळ, बाकाच्या टोकाला बसवा, नाहीतर एका मुलाला बाहेर न्यायला सहा जणांना उठावं लागतं. मोठ्या मुलांचं टेबल दाराजवळ, पालकांच्या नजरेत, पण स्वयंपाकघरातून गरम भांडी येतात त्या वाटेवर नको. सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा आणि दर फेरीला ते बदला. रात्रभर एकालाच अडकवलं तर पुढच्या वेळी कुणी पुढे येत नाही.

मुलांसाठी फ्राइज आणि केचप आणण्याचा मोह टाळा. बटाटा आणि टोमॅटो अमेरिकेतून युरोपात आले ते १४९२ नंतर. शिवाय एका टेबलावर फ्राइज दिसले की सगळीच मुलं तेच मागतात. त्या काळच्या जेवणात मिरची नव्हतीच, त्यामुळे साधे पदार्थ मुलांना चालतात: भाजलेली कोंबडी, वाटाण्याचं पॉटेज (दाट सूप), चीजचा टार्ट, शिजवलेली नासपती. वीस मुलांना दीड किलो हाडं काढलेली शिजलेली कोंबडी आणि तीन लिटर पॉटेज पुरतं.

हमखास संपणारा पदार्थ म्हणजे फ्रुमेंटी, दुधात शिजवलेले गहू. अर्धा किलो भरडलेले गहू रात्रभर भिजवा, दीड लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, मग एक लिटर दूध घालून मंद आचेवर ढवळत राहा. डावातून सलग धार न पडता गोळा पडला की झालं. थोड्याच वेळात ती घट्ट होऊन चमचा उभा राहतो, म्हणून पाव लिटर गरम दूध बाजूला ठेवा. जुन्या कृतींमध्ये अंड्याचा बलक असतो. पुन्हा गरम करायची असेल तर तो घालू नका, फुटतो. मध वरून ज्याचं त्याने घ्यावा, आणि एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात देऊ नये.

ॲलर्जीचं इथे विशेष जपावं लागतं, कारण मध्ययुगीन पदार्थ दिसण्यावरून ओळखू येत नाहीत. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत दूध वर्ज्य असल्याने बदामाचं दूध सर्रास वापरलं जाई. पांढरा दाट रस्सा पाहून पालक दूध समजतात आणि त्यात निघतो बदाम. सॉस दाट करायला ब्रेडचा चुरा घातलेला असतो, म्हणजे गहूही आला. प्रत्येक भांड्याशेजारी घटकांची पाटी हवी, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाचं पान पहिल्यांदा, वेगळ्या डावाने वाढायचं. अख्खे बदाम, अक्रोड लहानांच्या टेबलावर नकोत. द्राक्षं उभी चार भाग करून द्या.

शिळ्या ब्रेडच्या जाड थाळ्या, ट्रेंचर, मोठ्यांना शोभतात. दुधाच्या दातांना त्या चावत नाहीत. मुलांना लाकडी वाडगे आणि चमचे द्या, मांस चिरूनच वाढा, सुरी नको.

पाऊण तासात मुलं उठतात. आठ वर्षांपुढच्यांना तेव्हा पेजचं, म्हणजे सरदाराघरच्या लहान सेवकाचं, काम द्या: सरदार घराण्यांत साधारण सात वर्षांचे मुलगे दुसऱ्या घरी सेवेला जात आणि पंगतीत वाढत. एकाकडे सुरई, दुसऱ्याकडे परात, तिसऱ्याच्या खांद्यावर पंचा; पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत फिरायचं. सुरई एक लिटरची, तीही अर्धीच भरलेली, आणि पाणी कोमट. रश्श्याची भांडी मात्र मोठ्यांनीच उचलायची.